सर्वसाधारण ड्रायव्हर

यंत्र जागं होतं तेव्हा आपल्याला काय काय जोडलेलं आहे हे त्याला ठाऊक नसतं. दर वेळी ते पहिल्यापासून विचारत जातं. हे मला आईने सांगितलं, मी सातवीत असताना, मेथी निवडता निवडता.

"समज, तुला डोळे बांधून नव्या वर्गात पाठवलं," ती म्हणाली. "तू काय करशील? एकेका बाकापाशी जाऊन विचारशील, इथे कुणी आहे का? कुणी असेल तर ते आपले आकडे सांगतं. पहिला आकडा, मला कुणी बनवलं. दुसरा, मी त्यांचं कुठलं मॉडेल. तिसरा, मी कुठल्या प्रकारचं."

"आणि कुणी खोटं सांगितलं तर?"

"म्हणून तर मला पगार मिळतो."

आई ड्रायव्हर तपासायची. कुठल्याही यंत्रात माहिती साठवणारी जी वस्तू असते, ती थेट कुणाशी बोलत नाही. कोठारावर जसा कोठावळा बसलेला असतो, तसा तिच्यापुढे एक कंट्रोलर असतो. त्याला विचारल्याशिवाय आतलं काही काढता येत नाही, ठेवता येत नाही. प्रत्येक कंपनीच्या कंट्रोलरची बोली वेगळी. ती बोली जाणणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. ऑपरेटिंग सिस्टिमकडे अशा ड्रायव्हरांची लांबलचक यादी असते. समोरून आकडे आले की ती यादी चाळते. तंतोतंत जुळणारा ड्रायव्हर मिळाला तर तो लावते. नाही मिळाला तर तिसऱ्या आकड्याकडे बघते. निदान प्रकार तरी ओळखीचा आहे का? असला, तर त्या प्रकाराला चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर लावते आणि पुढे जाते. बहुतेकदा काम भागतं.

"'बहुतेकदा' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द," आई म्हणायची.

ती नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत होती. तिथे ड्रायव्हर लिहायचे अरविंद हुलसूरकर, आणि ते कुठे मोडतात हे दाखवून द्यायची माझी आई, वैजयंती. मी लहान असताना हुलसूरकर हे माझ्या लेखी फक्त एक आडनाव होतं, संध्याकाळच्या तक्रारीतलं. "आज हुलसूरकरांना पुन्हा रडवलं," आई घरी येऊन बाबांना सांगायची, आणि बाबा हसायचे.

त्या कंपनीने पुढे स्मरणी तयार केली. मेंदूचा नव्या आठवणी रुजवणारा भाग आजाराने निकामी झाला तर त्याचं काम करणारी ही बदामाएवढी वस्तू कानामागे कातडीखाली बसवतात. दिवसभर जे घडेल त्याच्या खुणा ती आपल्या चिपवर टिपून ठेवते आणि लागतील तेव्हा मेंदूला परत पुरवते. आत चिप दोन असतात, डावी आणि उजवी. प्रत्येक आठवणीचे तुकडे करून आलटूनपालटून दोन्हींवर ठेवलेले. एक इकडे, पुढचा तिकडे. एकच चिप उघडून बघितली तर नुसता कचरा दिसेल. दोन्हींची वीण फक्त कंट्रोलरला ठाऊक.

बाबा जाऊन पाच वर्षं झाली तेव्हा एका सकाळी आईने मला सांगितलं की ती आणि हुलसूरकर रजिस्टर लग्न करणार आहेत. ती एकसष्ट वर्षांची होती. मी छत्तीसची, एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. पुस्तकांतल्या अशा बायकांच्या बाजूने मी जन्मभर उभी राहिले होते.

मी म्हणाले, "तुला एकटीला राहता येत नाही, म्हणून मी चारचौघांत मान खाली घालायची का?"

आई पोळी लाटत होती. ती तिने लाटून पूर्ण केली, भाजली, डब्यात ठेवली. पुढचे दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अकराव्या दिवशी तिला ताप भरला. मेंदूज्वर. शुद्धीवर आली तेव्हा जुनं सगळं जागेवर होतं, अगदी त्या दहा दिवसांपर्यंतचं, पण नवं काही टिकत नव्हतं. बोलणं सुरू असेपर्यंत धागा राहायचा, माणूस उठून स्वयंपाकघरात जाऊन आला की "अगं, कधी आलीस?" कंपनीने स्मरणी ज्या पहिल्या पन्नास रुग्णांना बसवली त्यांत आई होती.

त्या स्मरणीवर ती सहा वर्षं जगली, आणि त्या सहा वर्षांत आमचं जुळलं. एकदम नाही. तिसऱ्या वर्षी, गॅलरीत कुंडीतली माती उकरताना, वर न बघता ती म्हणाली, "आजारातून उठल्यावर मी हुलसूरकरांना नाही म्हणून कळवलं. ही वस्तू उद्या बिघडली तर त्यांनी माझं काय करायचं? ते मिटलं. ते मिटलं तसा तुझ्यावरचा रागही मिटला. आता तो विषय काढायचा नाही. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की तिच्या बोलण्याचा पहिला भाग मी नीट ऐकलाच नाही.

*

कंपनी चौथ्या वर्षी बंद पडली. स्मरणीची सहामाही तपासणी मात्र रुग्णालयात होत राहिली. सहाव्या वर्षीच्या तपासणीला आम्ही गेलो तेव्हा तिथे नवं यंत्र होतं. तबस्सुम नावाची तंत्रज्ञ आईला पहिल्यापासून ओळखायची.

"नवीन सिस्टिम आलीय मावशी. एकदम फास्ट."

"म्हणजे चुकापण फास्ट," आई म्हणाली आणि खुर्चीत डोकं टेकून झोपेच्या औषधासाठी हात पुढे केला.

स्मरणी यंत्राला जोडली गेली. पडद्यावर आलं: उपकरण ओळखले. दोन साठवण चिप. दोन्हींची रचना बिघडलेली आहे. दुरुस्त करायची?

"असं कधी आलं नव्हतं," तबस्सुम म्हणाली. तिने वरिष्ठांना फोन लावला. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "ओळखलं म्हणतंय ना? मग करा की. नातेवाईक आहेत ना सोबत? सही घ्या."

मी सही केली. आईला जागं करून विचारावं असं मनात आलं नाही. सारं आयुष्य जिचं असल्याच सूचनांवर संशय घेण्यात गेलं, ती माझ्यापासून दोन हातांवर झोपली होती.

काय झालं ते मला नंतर समजलं. नव्या सिस्टिममध्ये सुरक्षिततेचा नियम कडक होता. ज्या ड्रायव्हरची जबाबदारी घ्यायला कंपनी उरलेली नाही, तो यादीतून काढून टाकायचा. स्मरणीने नेहमीप्रमाणे आपले तीन आकडे सांगितले. पहिले दोन जुळले नाहीत. तिसरा जुळला. सिस्टिमने सर्वसाधारण ड्रायव्हर लावला. त्याला विणीची कल्पना नव्हती. त्याला सुट्या दोन चिप दिसल्या, दोन्हींवर कचरा. म्हणून त्याने दोन्हींवर एकेक नवी, कोरी अनुक्रमणिका घातली. पानं पुसली नाहीत. कुठलं पान कशाचं, हे सांगणारं तेवढं नाहीसं झालं.

आईने डोळे उघडले. आधी मानेवरून हात फिरवला.

"माझे केस कुणी कापले?"

"आई, तू स्वतःच—"

"तू कशाला आलीस इथे?" ती म्हणाली. "चारचौघांत मान खाली घालावी लागेल तुला."

सहा वर्षांनी माझं वाक्य मला परत मिळालं होतं.

*

घरी दोन दिवस काढले. आई मला हो आणि नाही यापलीकडे उत्तर देत नव्हती. हुलसूरकरांना फोन लावत होती; तो नंबर कधीच बंद झाला होता. रविवारी ते येणार आहेत, एवढं तिने एकदा मला सांगितलं, धमकी दिल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तबस्सुमचा फोन आला. ती रडून मोकळी झालेली होती, आवाजावरून कळत होतं. "ताई, जुन्या कागदांत ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं नाव सापडलंय. ए. बी. हुलसूरकर, मुक्काम उदगीर. ओळखता का तुम्ही?"

"नावाने," मी म्हणाले.

"दुसरं म्हणजे, मावशींचा आजचा दिवस त्याच चिपवर लिहिला जातोय. चिपला वाटतंय सगळी जागा रिकामी आहे. जेवढे दिवस जातील तेवढं जुनं खाली गाडलं जाईल. लिहिणं थांबवावं लागेल."

"थांबवलं तर?"

"मग मावशींना काहीच राहणार नाही. आजाराच्या वेळेसारखं."

मी थांबवायला सांगितलं. त्यानंतर आईची प्रत्येक सकाळ माझ्याशी न बोलण्याच्या त्या दहा दिवसांतच उगवू लागली.

आईच्या बहिणीला तिच्यापाशी ठेवून मी उदगीरला गेले. हुलसूरकर घरी नव्हते. शेजाऱ्यांनी एका डाळ मिलचा पत्ता दिला. तिथे डाळ निवडायचं जुनं यंत्र होतं. तुरीची डाळ वरून धारेने पडायची, कॅमेरा प्रत्येक दाणा बघायचा, काळा दिसला की हवेचा फटकारा मारून बाजूला उडवायचा. यंत्र विकणारी कंपनी बुडालेली, यंत्र मात्र धडधाकट. असली यंत्रं चालती ठेवायचं काम हुलसूरकर करत.

"सर, नाशकाच्या बाई आल्यात बघा," मिलवाल्याने ओरडून सांगितलं. "तुमचं नाव इचारायल्यात."

उलट्या क्रेटवर बसलेला, भुवयांवर डाळीची पूड साचलेला माणूस वळला. माझ्याकडे बघत राहिला.

"केतकी ना तू? कपाळ वैजूचं आहे."

त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला कधीच ठरवता आलं नव्हतं. मी हाक न मारताच सगळं सांगितलं. मध्ये ते एकच बोलले.

"लिहिणं थांबवलंस?"

"काल."

"बरं केलंस." मग त्यांनी भुवयांवरची पूड झटकली. "माझं नाव काढते?"

"तुम्ही रविवारी येणार आहात असं तिला वाटतं."

"त्या रविवारी आलो होतो मी," ते म्हणाले. "ताप होता तिला. दार तूच उघडलंस. झोपलीय म्हणालीस."

मला ते आठवत होतं. मी उंबऱ्यातच उभी राहिले होते, दार अर्धं धरून.

"ड्रायव्हर माझ्यापाशी आहे," ते उठत म्हणाले. "पण शेवटच्या दुरुस्तीच्या आधीचा. शेवटची दुरुस्ती तिने सुचवलेली होती, ती कंपनीच्या मशीनवर राहिली. काय होती ते तिला ठाऊक असेल. आजाराच्या आधीची गोष्ट आहे." मिलवाल्याला ते म्हणाले, "शेटजी, पंधरा दिवस नाही मी. अडलं तर हाताने निवडा."

"हातानं? सर, तीनशे क्विंटल हाय!"

"मग बारीक नजरेची माणसं लावा."

*

पहिल्या सकाळी ते आमच्या बैठकीत आले तेव्हा आई पेपर वाचत होती. तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बाबा असतानाही नाही. हे लिहायला मला जड जातं, पण ते खरं आहे.

"अरविंद! आज रविवार का?"

"हो," हुलसूरकर म्हणाले. बुधवार होता.

"केवढा म्हातारा दिसतोस रे."

"ऊन लागलं."

"बस. हिच्यासमोर काही बोलू नकोस हं, हिला लाज वाटते."

"असू दे. चहा बरा करते म्हणे."

"कोण म्हणालं?" आई म्हणाली, आणि दोघं हसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

मग त्यांनी विचारलं. "वैजू, एक अडलंय. स्मरणीच्या कंट्रोलरचे दोन लॉट होते. आकडे दोघांचे सारखेच. पण एक लॉट तुकडे डावीकडून मांडतो आणि दुसरा उजवीकडून. समोर कुठला आहे हे ओळखायचं कसं?"

"विसरलास? मीच पकडलं होतं ते. तीन दिवस तोंड फुगवून बसला होतास."

"दोन."

"तीन. शुक्रवार धरून." तिने टेबलावरच्या दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. "हे बघ. त्याला एकदा झोपवायचं आणि उठवायचं. उठल्यावर जी चिप आधी उत्तर देईल, मांडणी तिथून सुरू. आकडे काय, कुणीही पाठ करून सांगेल. झोपेतून उठल्यावर आधी कुणीकडे वळतो, त्यावरून कळतं तो कोण ते."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. काम तिथेच मिटायला हवं होतं. उरलं होतं ते जुना ड्रायव्हर नव्या सिस्टिममध्ये बसवणं, आणि ते दुपारी रुग्णालयात तबस्सुमबरोबर चाललं. पण दुसऱ्या सकाळी त्यांनी आईला तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्याही. आई पुन्हा वाट्या मांडायची, पुन्हा शुक्रवार धरायची. हुलसूरकर दर वेळी "दोन" म्हणायचे आणि हरायचे. नऊ सकाळी हे झालं. उत्तर पहिल्याच दिवशी मिळालेलं आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना. आम्ही एकमेकांना काही म्हणालो नाही.

आठव्या दिवशी दुपारी ते रुग्णालयातून आले आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसले.

"वाचता येतंय," ते म्हणाले. "दोन दिवसांत लिहिलं गेलं त्याखालचं थोडं गेलंय. बाकी सहा वर्षं शाबूत आहेत. जुनी अनुक्रमणिका उभी करता येईल."

मी हातातली सुरी खाली ठेवली.

"ऐकून घे. प्रत काढून बाजूला ठेवता येत नाही. पेशंटच्या आठवणी कुणी चोरू नयेत म्हणून कंपनीने ती सोयच ठेवली नव्हती. म्हणजे दोनपैकी एक. जुनं उभं केलं तर तुम्हा दोघींची सहा वर्षं परत येतील. मी नाही त्यांत."

"आणि दुसरं?"

"आजपासून कोऱ्यावर लिहायला सुरुवात करायची. मी आहे त्यात. तू..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी ड्रायव्हर लिहितो, केतकी. समोर जे असेल ते जसंच्या तसं वाचून पुढे द्यायचं. मला काय वाटतं याला त्यात जागा नसते." मग म्हणाले, "सही तुझी आहे."

नवव्या सकाळी वाट्या मांडून झाल्यावर आईने विचारलं, "कुणाची रे स्मरणी? एवढं काय अडलंय?"

"आहेत एक पेशंट बाई. अनुक्रमणिका गेली. परत उभी करता येईल बहुतेक."

"मग तिला विचारलंत का?"

"काय?"

"जुनं परत हवंय का ते. तुम्ही लोक ना, दुरुस्त करता येतंय म्हटलं की करून मोकळे होता. ज्याचं आहे त्याला विचारा आधी."

"तिला सांगितलेलं राहत नाही, वैजू."

"राहत नसलं म्हणून काय झालं? मत नसतं का माणसाला?"

हुलसूरकरांनी माझ्याकडे बघितलं. बोलणं सुरू असेपर्यंत आईचा धागा टिकायचा. दहा मिनिटं पुरली असती. ही स्मरणी तुझी आहे, सहा वर्षं अशी अशी होती, त्यांत तू याला नाही म्हणालीस आणि मला माफ केलंस; आता सांग. तिला यातलं प्रत्येक वाक्य समजलं असतं, माझ्यापेक्षा चांगलं. ती कदाचित सहा वर्षंच मागती. माझ्या हातात ट्रे होता.

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

त्या दुपारी मी दुसरी सही केली. माझ्यापाशी कारण होतं, आणि ते आजही मला चुकीचं वाटत नाही. सहा वर्षं जगलेला माणूस ती सहा वर्षं असतो. ती खोडायचा अधिकार मुलीला नाही. कुणाही शहाण्या माणसापुढे हे कारण टिकेल. फक्त सही करताना माझ्या मनात ते नव्हतं. मला गॅलरी दिसत होती, उकरलेली माती दिसत होती, आणि 'राग मिटला' एवढे दोनच शब्द ऐकू येत होते.

*

औषध देण्याआधी आईने हुलसूरकरांचा हात मागून घेतला होता. ती जागी झाली तेव्हाही तो तिच्या हातात होता.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. "केतकी, तोंड का असं झालंय? जेवलीस का नाही?"

मी रडले. तबस्सुमही रडली. आई आमच्याकडे बघून हसत होती, आणि हसता हसता तिची नजर हाताकडे गेली. हाताकडून वर, हुलसूरकरांच्या चेहऱ्याकडे. तिथे ती काही क्षण थांबली. मग तिने आपला हात काढून घेतला. झटक्याने नाही, झोपलेल्या मुलाखालून काढावा तसा. ओढणी सारखी केली.

"हुलसूरकर. तुम्ही एवढ्या लांबून आलात?"

"मशीनचं काम होतं," ते म्हणाले. "झालं."

"घरी सगळं ठीक?"

"ठीक."

आईने मला खूण करून जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "यांना का त्रास दिलास? आपलं ठरलं होतं ना."

हुलसूरकरांनी ऐकलं असावं. ते लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. देशात आणखी एकतीस जणांच्या कानामागे स्मरणी होती. त्यांच्यासाठी त्यांनी ड्रायव्हर आणि ओळखण्याची रीत तबस्सुमकडे लिहून दिली. रीत कुणाची, त्या रकान्यात आईचं नाव घातलं. मग आईला नमस्कार केला, मला मान हलवून निरोप दिला आणि गेले. संध्याकाळच्या गाडीला अजून पाच तास होते.

आई त्यानंतर साडेचार महिने जगली. हृदय थकलं होतं, त्याचा स्मरणीशी संबंध नव्हता. ते महिने चांगले गेले. आम्ही खूप बोललो, पत्त्यांत भांडलो, ती मला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आम्ही धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या.

"हुलसूरकर किती दिवस होते गं?" तिने विचारलं.

"नऊ."

"नऊ?" चादर आमच्यामध्ये ताणलेली होती. तिला वाटलं होतं, एखाद दुसरा. "मी बोलत होते त्यांच्याशी?"

"हो. रोज."

"काय बोलत होते?"

मला एकूण एक शब्द पाठ होता. नऊ सकाळी मी त्या दारात उभी होते. ते आता फक्त दोघांपाशी होतं, आणि दुसरा माणूस उदगीरला होता. मी तिला सांगू शकत होते की त्यांना बघून तुझा चेहरा कसा झाला. आणि हेही, की ते ठरलं होतं ते माझ्यासाठी होतं, आता मोडलं तरी चालेल, फोन लावू का?

"कामाचंच," मी म्हणाले. "नीट बोलत होतीस."

आपली टोकं तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली, आणखी काही येतंय का याची वाट बघत. मी पुढे झाले, माझी दोन टोकं तिच्या हातात दिली आणि उशांचे अभ्रे आणायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा चादरीची घडी झाली होती. नंतर तिने कधी विचारलं नाही.